नाल्यातला हात

"मॅडम, चहा नंतर घेऊ. आधी हे पाहून घ्या," असं म्हणत फौजदार बारापात्र्यांनी गोणपाटाचं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं आणि सुतळी सोडली.

टेबल कसलं, दोन पिंपांवर टाकलेली फळी होती ती. सकाळपासून मी तिच्यावर डुकराचे दात मांडून बसले होते. ते घाईने एका बाजूला सारले. फौजदारांनी गोणपाट उलगडलं. आत एक हात होता.

मनगटापासून बोटांपर्यंत. कातडी नव्हती, मांसही जवळजवळ संपलेलं, पण वाळलेल्या चिवट दोऱ्यांनी हाडं एकमेकांना धरून होती. रुंद तळवा आणि त्यातून निघालेली पाच बोटं. बोटांची शेवटची पेरं तेवढी गायब. मी चार वर्षं हाडांतच होते, तरी माझा हात आपोआप मागे आला.

"तालुक्याच्या डॉक्टरांनी पाहिलं," बारापात्रे म्हणाले. "म्हणाले, माणसाचा आहे, बहुतेक बाईचा. नागपूरला पाठवतोच आहे. पण तिकडून उत्तर यायला किती दिवस जातील, सांगता येत नाही. आणि मला तेवढे दिवस नाहीत."

त्र्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेपासून थोडं आत, पळसटोला नावाच्या गावाबाहेर एक पांढरीचं टेकाड आम्ही उकरत होतो. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे वस्ती होती. हर्षे सर आमचे प्रमुख. त्यांचा जीव लोखंडी अवजारांत आणि मण्यांत. माझ्याकडे हाडं. त्या लोकांनी काय खाल्लं, काय पाळलं, कशाची शिकार केली, हे त्यांच्या उष्ट्यावरून सांगायचं. चाळणीतून निघालेली हाडं गावातल्या बायका दातांच्या ब्रशने धुऊन सावलीत वाळत घालायच्या आणि मी ती ओळखत, लावत बसायची. गावात मला सगळे 'हाडंवाली बाई' म्हणत.

त्या धुणाऱ्या बायकांत देवकाबाई होत्या. पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्या क्षणी त्या माझ्यापासून चार हातांवर टोपल्यापुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांचा मुलगा दुधराम आदल्या दिवसापासून बारापात्र्यांच्या कोठडीत होता.

प्रकरण साऱ्या गावाला ठाऊक होतं. दुधरामची बायको पुस्तकला, तिकडे हे नाव सर्रास असतं, संक्रांतीनंतर घरातून नाहीशी झाली होती. ती जाण्याच्या आदल्या दिवशी दोघांचं भर बाजारात भांडण झालं होतं आणि "तुले गाडून टाकीन" असं तो ओरडलेला चारचौघांनी ऐकलं होतं. मग त्याच्याच शेताला लागून असलेल्या नाल्यात हे सापडलं.

"तिचे भाऊ आलेत," बारापात्रे आवाज खाली आणून म्हणाले. "गाव घेऊन आलेत म्हणा ना. ठाण्यासमोर बसलेत, पोराला आमच्या हवाली करा म्हणतात. काल त्याच्या घरावर दगड पडले. आणि आमचे साहेब म्हणतात, कबुली घ्या आणि मोकळे व्हा. कबुली घेणं अवघड नाही हो. दोन दिवसांत माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणूनच इकडे आलो."

हर्षे सर तंबूतून बाहेर आले होते. सगळं ऐकून त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मेधा, यात पडू नकोस. आपलं काम जुन्या हाडांचं. उद्या तुझं चुकलं तर एखादा फासावर जाईल, किंवा एखादा खुनी सुटेल. आणि हे उत्खनन बंद पडेल ते वेगळंच."

"सर, नुसतं बघते. खात्री नसेल तर नाही म्हणेन."

"खात्री नसेल तर नाही म्हणणं सोपं नसतं," ते म्हणाले, पण अडवलं नाही.

मी परत फळीपाशी आले. देवकाबाईंचा ब्रश थांबला होता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मी माझा डावा हात त्या हाताशेजारी पसरून ठेवला. पहिल्या नजरेला सारखेच. अंगठ्याच्या जागी जाड हाड, मग बाकीची चार. मी स्वतःला सांगितलं, नजरेवर जाऊ नकोस, एकेक हाड बघ. फौजदारांच्या परवानगीने कोमट पाण्याचं फडकं दाबून ते दोरे थोडे सैल केले.

आपल्या हातात अंगठ्याचं तळव्यातलं हाड सगळ्यांत आखूड असतं. इथलं जाड हाड मात्र बाकीच्यांच्या बरोबरीने लांब होतं. आणि पलीकडच्या कडेचं, जी करंगळी वाटत होती, ते सगळ्यांत बारीक आणि आखूड. मी हात उलटा करून पाहिला. मग हाडांची टोकं पाहिली. आपली टोकं गोटीसारखी गुळगुळीत असतात. इथे प्रत्येकाच्या खालच्या बाजूला मधोमध एक कंगोरा होता, बोट लावलं की लागेल असा. आता मनगट राहिलं होतं. माणसाच्या मनगटात अंगठ्याच्या बाजूला दोन हाडं शेजारीशेजारी, सुटी असतात. मी चाकूची पाती घालून हळूच उचललं. एकच मोठं हाड निघालं, जोडाची खूणसुद्धा नसलेलं.

"हा माणसाचा हात नाही," मी म्हटलं. "अस्वलाचा पंजा आहे. जो अंगठा वाटतोय ती त्याची करंगळी आहे. कातडं सोलताना नखांची पेरं काढून नेली आहेत, म्हणून असा दिसतो."

बारापात्र्यांनी लगेच विचारलं, "लिहून द्याल?"

"पंज्याचं लिहून देते."

"म्हणजे?"

गोणपाटात आणखी एक तुकडा होता. वीतभर लांबीची, दोन्ही टोकं मोडलेली बरगडी. एक टोक कुत्र्याकोल्ह्यांनी चावलेलं, दुसरं नुसतं तुटलेलं. अशा तुकड्यावरून छातीवर हात ठेवून सांगावं असं माझं काम नव्हतं. ती अस्वलाची असू शकत होती. बाईचीही असू शकत होती.

"हिचं सांगता येत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे तिथे दोन जीव असू शकतात?"

"असू शकतात."

माझ्या मागे टोपलं वाजलं. देवकाबाई उठून उभ्या होत्या. ओले हात त्यांनी पदराला पुसले नव्हते.

"जागा पाहा लागंन का बाई?"

"पाहिलीच पाहिजे. बाकीची हाडं तिथेच असणार."

"मले माहीत हाये जागा," त्या म्हणाल्या.

फौजदारांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. मला ते दिसलं, पण त्यात काही असेल असं तेव्हा वाटलं नाही.

जीपमधून नाल्याकडे निघालो. फौजदार, एक शिपाई, देवकाबाई आणि मी. मी बरगडी रुमालात गुंडाळून मांडीवर घेतली होती. देवकाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मला सारखं वाटत होतं, की पंज्याचं सांगून मी त्यांना आशा दाखवली, आणि आता वाळू उकरून ती काढून घेणार.

नाला कोरडा होता. वळणावर एका पडलेल्या अर्जुनवृक्षाच्या बुंध्याखाली पाचोळा साठला होता. पंजा तिथे मिळाला होता. पोलिसांनी फक्त वरवरचं उचललेलं दिसत होतं. मी गुडघ्यांवर बसले आणि टेकाडावर करतो तसंच काम सुरू केलं. पाचोळा हाताने बाजूला, मग वाळू ब्रशने, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे. मिळेल ते जागेवर तसंच ठेवायचं, उचलायचं नाही.

आधी मणक्यांची एक ओळ मिळाली. जाडजूड, काटे पुढेमागे झुकलेले. जनावराचे, यात शंका नव्हती. पण मला बरगड्या हव्या होत्या. त्या बुंध्याच्या पलीकडे होत्या, काही मणक्यांजवळ, काही ओढत नेलेल्या. एकेक मोकळी करत गेले. पाचव्या की सहाव्या बरगडीचं खालचं टोक तुटलेलं होतं. तिरपं, मध्ये एक दात असलेलं.

मी रुमाल सोडला. तुकडा दोन्ही हातांनी धरून त्या टोकाला लावला.

बसला. मध्ये सुईसुद्धा गेली नसती.

"एकाच जनावराची आहे," मी म्हटलं. "सगळं एकच जनावर आहे."

बारापात्रे वाकून बघत होते. "नक्की ना मॅडम? उद्या कोर्टात मला विचारतील. अस्वल आहे, ठीक. पण कुणी म्हणालं, वरचं अस्वल आणि खालचं दुसरं काही, तर?"

"थांबा, कंबरही बघते."

कंबरेची हाडं बुंध्याच्या मुळांत अडकली होती. ती मोकळी करताना त्यांच्याखाली एक हाड दिसलं. लांब, सरळ, बोटापेक्षा बारीक. मी ते पाहिलं आणि हसू दाबलं.

"हे कुठलं?" शिपायाने विचारलं.

"हे माणसात नसतं."

"हो, पण कुठलं? लिहायला लागेल," बारापात्र्यांनी खिशातून पेन काढलं.

मी सत्तावीस वर्षांची, बिनलग्नाची, पुण्याहून आलेली. तीन माणसं माझ्याकडे पाहत होती. पुण्यात आमच्या संग्रहातल्या सांगाड्यावर क्रमांक घालताना मीही तेच विचारलं होतं आणि आमचे वयस्क प्रयोगशाळा सहायक "पुस्तकात बघा" म्हणून निघून गेले होते.

"नराचं आहे," मी म्हटलं. "अस्वलाच्या नराला असतं. कुत्र्यालाही असतं. माणसाला नसतं."

"नराला म्हणजे..." बारापात्रे म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. कानापर्यंत लाल झाले. शिपाई दुसरीकडे बघू लागला. बारापात्र्यांनी घसा साफ करून लिहिलं, आणि लिहिता लिहिता स्वतःशीच म्हणाले, "नर. म्हणजे पुस्तकला नव्हेच."

देवकाबाई हसल्या. आधी नुसता श्वास सुटल्यासारखा आवाज आला, मग त्या खरोखरच हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, पोट धरून. मलाही आवरेना. फौजदारही हसले. आणि हसता हसताच देवकाबाई वाळूत बसल्या आणि कपाळ गुडघ्यांवर टेकवलं.

नंतर मान वर करून त्यांनी विचारलं, "मंग थे जिती हाये?"

"ते मला हाडांवरून नाही सांगता येणार. एवढंच सांगते, की हे तिचं नाही."

"बस झालं," त्या म्हणाल्या.

फौजदारांना पंचनामा करायचा होता, शिवाय आता अस्वल मारल्याचा गुन्हा होता, वनखात्याला कळवायचं होतं. शिपाई हाडांजवळ थांबला. टेकाड तसं जवळ, म्हणून आम्ही दोघी बांधाबांधाने चालत निघालो. तूर कापून झाली होती, लाखोळीच्या डाळीचं पीक उभं होतं. अर्ध्या वाटेवर देवकाबाई थांबल्या.

"बाई, ठाण्यात मीच गेली होती."

मला कळलं नाही. "मुलाला भेटायला?"

"नाई. खबर द्याले. थ्या हाताची." त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. "लाकडं आणाले गेली तं दिसलं. वाटलं, पुस्तकलाच हाये. घरी आली. दुधराम जेवाले बसला होता. त्याले वाढलं. त्याच्या हाताकडे पाहत राहिली. सकाळच्या बसनं ठाण्यात गेली."

"तुम्हाला वाटलं, त्यानंच..."

"वाटलं. हात उचले तिच्यावर. मी नको रे, नको रे म्हनत जाय, पन मंधात कधी गेली नाई."

मी म्हटलं, "तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलंही नसतं."

"तिले माय नाई, बाई. भाऊ आता आले, इतके दिवस कुठी होते? तिच्याकडून बोलाले कोन होतं?"

सकाळपासून मी त्यांच्या पाठीकडे पाहत होते, आणि मुलगा सुटावा म्हणून ही बाई कासावीस झाली आहे असं समजत होते. ती कासावीस होतीच. पण तिला मुलगा नुसता सुटायला नको होता, तो निर्दोष असायला हवा होता. त्या दोन गोष्टींतला फरक त्या नाल्यात फक्त तिला ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुधरामला घेऊन त्या टेकाडावर आल्या. पंचविशीचा, अंगाने मजबूत. एक डोळा सुजून बंद झालेला. माझ्यासमोर येऊन त्याने हात जोडले.

"तुमचे उपकार झाले, बाई."

"उपकार मंग," देवकाबाई म्हणाल्या. "आधी आयक. ठाण्यात तुयी खबर मी देल्ली."

मी उठून जायला लागले, तर त्यांनी हाताने मला बसवलं. साक्षीला कुणीतरी हवं होतं बहुतेक.

दुधराम आईकडे पाहत राहिला. "तुले वाटलं, म्या मारलं असंन?"

"हो."

"तू माय हायेस माही."

"म्हून तं."

तो वळला आणि टेकाड उतरून गेला. पुढे बरेच दिवस तो शेतातल्या खोपीतच झोपायचा, आईने पाठवलेली भाकर खायचा, घरी यायचा नाही.

पुस्तकलाचा पत्ता बारापात्र्यांनीच लावला. त्या भागातल्या बायका दर साली मिरची तोडायला आंध्रात जातात. शेजारच्या गावातून संक्रांतीनंतर एक ट्रक खम्मम भागात गेला होता. मुकादमाकडे चौकशी केली, तिकडच्या पोलिसांना निरोप गेला. पुस्तकला ट्रकमधून गेली होती. भांडणही त्यावरूनच झालं होतं. तिला जायचं होतं, नवरा जाऊ देत नव्हता. भावांना सांगितलं असतं तर त्यांनी परत नवऱ्याकडेच पोचवलं असतं, म्हणून तिने कुणालाच सांगितलं नाही.

होळीच्या आधी ती परतली. आमचं काम आवरत आलं होतं, मी हाडांच्या पेट्या भरत होते. डोक्यावर लाल मिरचीचं बोचकं घेऊन ती सरळ टेकाडावर आली. काटक, सावळी, बोटं मिरचीने सोललेली. वाटेत गावाने तिला सगळं सांगितलं होतं.

"मामी," ती सासूला म्हणाली, "तुमी माह्यासाठी ठाण्यात गेल्या?"

"गेली. चुकली मी. तू तं जिती होती."

"मी तिकडं मिरची तोडत होती, अन् तुमच्या पोराले इथं मार."

"त्याले पडला थो. पडू दे."

पुस्तकलाने बोचकं खाली ठेवलं आणि सासूशेजारी बसली. "मी कपडे न्याले आली होती. भाऊ आता ठेवून घेतो म्हनते, त्याच्याकडे जाची होती."

देवकाबाईंचा ब्रश हलेना.

"आता नाई जात," पुस्तकला म्हणाली. "पन पुढच्या साली मिरचीले जाईन. विचारनार नाई कोनाले."

"मलेबी ने," देवकाबाई म्हणाल्या.

मला वाटलं, बोलायला म्हणून बोलल्या.

पुढच्या जानेवारीत आम्ही परत गेलो. पहिल्या दिवशी बायका कामावर आल्या, त्यांत देवकाबाई नव्हत्या. विचारलं, तर सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि एकीने मागे बोट दाखवलं. मागे दुधराम उभा होता. हातात बादली.

"माय अन् थे मिरचीले गेल्या," तो म्हणाला. "मायनं सांगतलं, बाईकडे हाडं धुवाले जाजो."

"आणि घर?"

"मीच पाहतो."

बायका पुन्हा हसल्या. त्याचे कान लाल झाले, पण तो गेला नाही. मी त्याला ब्रश दिला, कसं धरायचं, कसं घासायचं ते दाखवलं. तो टोपल्यापुढे बसला आणि पहिलं हाड उचलून बराच वेळ निरखत राहिला.

"हे कोनाचं जी, बाई?"

मी वाकून पाहिलं. "गाईचं. पायाचं आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

मग त्याने ते पाण्यात बुडवलं.